आतल्या गाठीची

दिसायला ती अगदी साधी. सोन्याचं नुसतं वळं; ना खडा, ना नक्षी. तिच्या भावकीतल्या इतर जणींचा थाट पाहावा. एल्फ लोकांकडच्या तीन अंगठ्यांपैकी एकीला निळा खडा, एकीला तांबडा, तिसरीला पांढरा पाणीदार. हिने असली हौस कधी केली नाही. सगळ्यांच्या नाड्या जिच्या हातात, तिने खडे लावून मिरवायचं कशाला?

अंगावर थोडं लिहिलेलं आहे, पण तेही चारचौघांत दिसत नाही. विस्तवात टाकली की आतून-बाहेरून केसाएवढ्या रेषांची अक्षरं धगधगत उमटतात. लिपी एल्फांची, नाजूक आणि वळणदार. भाषा मात्र शत्रूच्या मुलखातली, मॉर्डोरची; एल्फांच्या रिव्हेंडेलमधल्या सभेत ती मोठ्याने उच्चारली गेली तेव्हा एल्फांनी कानांवर हात ठेवले. अक्षर उसनं, बोली स्वतःची. आणि एवढी अक्षरं उमटवून विस्तवातून बाहेर आली तरी अंग थंडगार. गॅन्डाल्फ या जादूगाराने कथानायक फ्रोडोच्या घरातल्या शेकोटीत टाकून तिची ओळख पटवली आणि मग ती फ्रोडोच्या तळहातावर ठेवली, तर चटका सोडाच, ऊबही नाही. फक्त आधीपेक्षा जड लागली.

जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ती 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीतही वाचता येते. शीर्षकातला स्वामी म्हणजे सॉरॉन, कथेतला महादुष्ट. गंमत अशी की तो पुस्तकभर कुणासमोर येऊन उभा राहत नाही. दूर मॉर्डोरात बसून असतो. त्याच्या वतीने घरात शिरते, खिशात राहते, गळ्यात पडते आणि माणसाच्या उशाशी रात्र काढते, ती ही अंगठी. खलनायक पडद्याआड ठेवून त्याचा सगळा कारभार इतक्या लहानशा वस्तूवर सोपवायला लेखकाला मोठाच आत्मविश्वास लागला असेल.

तिचा जन्मच दगाबाजीतला. सॉरॉन गोड रूप घेऊन एल्फ कारागिरांत मिसळला, त्यांना विद्या शिकवली, त्यांच्याकडून अंगठ्या घडवून घेतल्या. मग गुपचूप ओरोद्रुइन या ज्वालामुखीच्या पोटात जाऊन स्वतःसाठी ही एक घडवली, बाकी सगळ्यांवर हुकूम चालवणारी. तिच्यात त्याने आपलं बरंचसं सामर्थ्य ओतलं. सत्ता बाहेर कशात तरी साठवून ठेवायची, म्हणजे ती वाढते. पण मग ती वस्तू हरवली की आपणही अर्धे होतो. या व्यवहारातला तोटा त्याला तेव्हा दिसला नाही. ती त्याच्या बोटात चढताक्षणी एल्फांना डाव कळला आणि त्यांनी आपापल्या अंगठ्या काढून ठेवल्या. म्हणजे कामाच्या पहिल्याच दिवशी हिचा मुख्य बेत फसला. माणसांतले नऊ बडे लोक मात्र सापडले. त्यांचं काय झालं ते काळे झगे घालून घोड्यांवरून फिरताना पुढे दिसतंच. बुटक्यांना, म्हणजे ड्वार्फांना दिलेल्या सात अंगठ्यांनी त्यांची सोन्याची हाव तेवढी वाढवली. गुलाम काही ते झाले नाहीत. त्यांचा हट्टीपणा इथे उपयोगी पडला म्हणायचा.

तिच्या स्वभावातली पहिली गोष्ट म्हणजे ती कुणाचीही होत नाही. वापरणाऱ्याला वाटतं, अंगठी माझी आहे. प्रत्यक्षात ती फक्त वाट पाहत असते. लढाईत राजपुत्र इसिल्दूरने सॉरॉनच्या हाताचं बोट छाटून ती घेतली, बाप आणि भाऊ मारले गेले त्याची भरपाई म्हणून. मागणी न्याय्य होती, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथेच ज्वालामुखीच्या उतारावर एल्रॉन्ड या एल्फने त्याला ती आगीत टाकायला सांगितलं होतं. त्याने टाकली नाही. दोन वर्षांनी ओर्क नावाच्या राक्षसांच्या हल्ल्यात तो ती घालून अदृश्य झाला, अँडुइन नदी पोहून जाऊ लागला, आणि ऐन पाण्यात ती त्याच्या बोटातून निसटली. दिसताक्षणी ओर्कांनी बाण मारले. तिला जिथे जायचं होतं तिथे इसिल्दूर जाणार नव्हता, एवढंच. मग ती जवळजवळ अडीच हजार वर्षं नदीच्या गाळात पडून राहिली. तिच्याइतका धीर फार थोड्यांकडे असतो.

वर आली ती एका खुनातून. देआगोल मासे धरायला गेलेला, मोठा मासा गळाला लागून पाण्यात खेचला गेला, आणि तळाशी काहीतरी चकाकताना त्याला दिसलं. काठावर त्याचा मित्र स्मेआगोल होता. माझा आज वाढदिवस आहे, मला दे, म्हणाला. देआगोलने नकार दिला, आणि स्मेआगोलने त्याचा गळा दाबला. अंगठीने इथे काही केलं का? बोलली नाही, हलली नाही. फक्त दिसली. हा स्मेआगोल पुढे गॉलम झाला, डोंगराखालच्या अंधारात पाचशेच्या आसपास वर्षं तिला कुरवाळत राहिला, तिच्याशी आणि स्वतःशी एकाच नावाने बोलू लागला. आयुष्य तिने त्याला पुष्कळ दिलं. त्यात जगणं किती होतं, ते वेगळं. आणि एक दिवस तिला त्याचा कंटाळा आला. गॉलमने तिला टाकलं नाही, तिने गॉलमला टाकलं. मात्र बोगद्यात पडल्यावर जो हात तिच्यावर पडला तो तिने मागितलेला नव्हता. शायरसारख्या आडबाजूच्या मुलखातला, दोन वेळा न्याहारी करणारा बिल्बो बॅगिन्स नावाचा हॉबिट, म्हणजे लहानखुऱ्या जमातीतला माणूस, अंधारात चाचपडत होता. मालकाकडे निघालेली अंगठी हॉबिटाच्या खिशात गेली आणि साठ वर्षं तिथेच राहिली; मग ती त्याच्या वारसाकडे, फ्रोडोकडे आली.

ती घरात कशी आली, याबद्दल माणसं खोटं बोलतात. हे तिच्या संगतीचं पहिलं लक्षण. गॉलम सांगायचा, वाढदिवसाची भेट, आजीने दिली. बिल्बो सांगायचा, गॉलमशी लावलेली कोड्यांची पैज जिंकलो, बक्षीस मिळालं. दोघांनाही ती 'भेट' म्हणूनच हवी होती. बिल्बो तर खरं बोलणारा, भला गृहस्थ. त्याला इतकं क्षुल्लक खोटं बोलावं लागलं, यावरूनच गॅन्डाल्फला शंका आली.

आता यातली छापखान्यातली हकिकत. 1937 साली 'द हॉबिट' पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा त्यात बिल्बोने सांगितलेलीच हकिकत खरी म्हणून होती. गॉलम पैज हरतो, कबूल केलेली भेट हरवली म्हणून दिलगिरी व्यक्त करतो आणि पाहुण्याला सभ्यपणे बाहेरची वाट दाखवतो. तेव्हा ही अंगठी म्हणजे अदृश्य व्हायची एक सोय, लहान मुलांच्या गोष्टीत असते तशी. पुढच्या कादंबरीत तिचं खरं रूप टॉल्किनना उमगत गेलं, आणि मग असली अंगठी गॉलम पैजेवर कसा लावेल, हा प्रश्न पडला. त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहून 1947 मध्ये प्रकाशकांकडे पाठवलं, आणि 1951 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आलं. जुनी हकिकत रद्द न करता त्यांनी ती बिल्बोच्या खात्यावर टाकली: ते त्याचं खोटं होतं, अंगठीच्या सहवासात सुचलेलं. म्हणजे खरोखरच्या जगात एक पुस्तक चौदा वर्षं अंगठीची बाजू घेऊन खोटं सांगत होतं. लेखकाच्या चुकीतून पात्राचा स्वभाव घडावा, असं भाग्य क्वचितच कुणाला लाभतं.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आत आली. सुधारलेल्या प्रकरणात गॉलम बोगद्याच्या तोंडाशी वाट अडवून बसलेला आहे. बिल्बो अदृश्य, हातात तलवार. एक घाव घातला असता तर काम झालं असतं. त्या क्षणी त्याला गॉलमचं पुढचं-मागचं आयुष्य कळल्यासारखं होतं, दया येते, आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. पहिल्या आवृत्तीत हे असायचं कारणच नव्हतं.

अदृश्य करणारी अंगठी काही टॉल्किननी शोधलेली नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकॉन लिडियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. भूकंपाने जमीन दुभंगते, भेगेत पितळी घोडा, त्याच्या पोटात प्रेत, प्रेताच्या बोटात अंगठी. मेंढपाळ तिचं कोंदण आत फिरवून अदृश्य होतो, राणीला वश करतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. ग्लॉकॉनचा मुद्दा असा की कुणी पाहत नसेल तर सज्जन आणि दुर्जन यांत फरक उरणार नाही. पण ती अंगठी मुकी आणि बिचारी आहे; जे केलं ते मेंढपाळाने. टॉल्किनच्या अंगठीला स्वतःची इच्छा आहे. वाटेतल्या ब्री गावच्या खाणावळीत फ्रोडो टेबलावर चढून गाणं म्हणत असताना पडतो आणि ती आपणहून बोटात जाते. भर सभेत फ्रोडो नाहीसा. ती मापही बदलते, कधी सैल, कधी घट्ट. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांसाठी न्यूझीलंडच्या नेल्सन शहरातल्या जेन्स हॅन्सन यांच्या पेढीला मात्र वेगवेगळ्या मापांच्या कितीतरी अंगठ्या घडवाव्या लागल्या. बोटासाठी वेगळी, साखळीसाठी वेगळी, अगदी जवळून टिपायला भली मोठी.

चित्रपटात ती कुजबुजते. पुस्तकात जवळजवळ गप्पच असते, आणि मला ती गप्प असलेलीच जास्त भीतिदायक वाटते. कुजबुजणारी वस्तू बाहेरची असते; तिला उत्तर देता येतं. ही बोलते ती ऐकणाऱ्याच्याच आवाजात. ती कुणालाही वाईट काम सांगत नाही. ज्याच्या मनात जे चांगलं आहे तेच त्याला परत ऐकवते, त्यातून फक्त इतरांची संमती वगळते. म्हणून सज्जनांना तिच्यापासून जास्त धोका. ज्याला काहीच चांगलं करायचं नाही, त्याच्याकडे तिला बोलायला विषय नसतो.

गॅन्डाल्फने हे ओळखलं होतं. फ्रोडो त्याला म्हणतो, तुम्ही शहाणे आहात, बलवान आहात, तुम्हीच घ्या. यात कपट नाही, विनवणी आहे. गॅन्डाल्फ एकदम उठून उभा राहतो आणि नको म्हणतो. आपल्यापर्यंत ती कुठल्या वाटेने येईल, हे तो स्वच्छ सांगतो: दुबळ्यांबद्दलची दया, आणि त्यांचं भलं करण्यासाठी बळ असावं ही इच्छा. 1963 मधल्या एका पत्रात टॉल्किननी याचा पुढचा हिशेब मांडला आहे. गॅन्डाल्फ अंगठीचा धनी झाला असता तर तो सॉरॉनपेक्षा वाईट ठरला असता. सॉरॉनच्या राज्यात निदान चांगलं कशाला म्हणायचं हे तरी लोकांना ठाऊक राहिलं. गॅन्डाल्फने लोकांना चांगुलपणाचाच वीट आणला असता. सतत आपलं कल्याण करणाऱ्या माणसाखाली ज्यांनी चार दिवस काढले असतील त्यांना हे फोड करून सांगायला नको.

गॅलाड्रिएलची गोष्ट याहून अवघड. ती लोथलोरिएन या एल्फांच्या वनभूमीची स्वामिनी, हजारो वर्षांची, अभिमानी. अंगठी हाती आली तर काय करीन, याचा विचार तिने आधी पुष्कळ केलेला होता, आणि ते ती लपवत नाही. फ्रोडो आपण होऊन ती पुढे करतो. नाही म्हटलं तर काय जाणार हेही तिला माहीत आहे. तिच्या स्वतःच्या अंगठीचं, एल्फांच्या त्या तिघींपैकी एकीचं, बळ या एकीशी बांधलेलं आहे. ही नष्ट झाली की लोथलोरिएन ओसरणार, सोनेरी झाडांचं ते सगळं जग आठवणीत जमा होणार. ती क्षणभर उंच, भयंकर आणि देखणी दिसते, आपण कशी राणी झालो असतो ते बोलून दाखवते. मग हसते आणि पुन्हा साधी बाई होते. तिने स्वतःचं घर उणं करून नकार दिला. पुस्तकात नकार बरेच आहेत, पण इतका महाग दुसरा नाही.

फ्रोडोबरोबर निघालेल्या बोरोमिर या योद्ध्याला लोक उगाच खलनायकांत ढकलतात. त्याने अंगठीला एकदाही हात लावलेला नाही. रिव्हेंडेलपासून दोन महिने तो फक्त तिच्या आसपास चालला. त्याचं शहर रोज मॉर्डोरचा मार खातंय, बाकीचे देश त्या आडोशाला सुखाने झोपतात, आणि हे शहाणे लोक हातात आलेलं शस्त्र त्याच ज्वालामुखीत नष्ट करायला म्हणून एका हॉबिटाबरोबर शत्रूच्याच घरी पाठवतायत. त्याच्या जागी बसून पाहिलं तर युक्तिवादात फट सापडत नाही. फ्रोडोशी बोलता बोलता तो स्वतःशीच बोलू लागतो, सैन्यं जमवतो, तह करतो, शेवटी स्वतःला दयाळू आणि शहाण्या राजाच्या जागी बसवतो. दयाळू आणि शहाणा, हे महत्त्वाचं. फ्रोडो 'नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या अंगावर धावून जातो. वेड उतरल्यावर रडतो, आणि दोन लहान हॉबिटांना वाचवताना बाण खाऊन मरतो.

त्याचा बाप डेनेथॉर हा मुरलेला कारभारी. तो म्हणतो, मी वापरली नसती. तळघरात खोल लपवून ठेवली असती, अगदीच गळ्याशी आलं तरच काढली असती. आणीबाणीपुरते अधिकार मागणाऱ्यांची ही भाषा सगळ्या काळांत सारखीच दिसते. आणि सारुमान या दुसऱ्या जादूगाराला तर ती भेटलीसुद्धा नाही. त्याने नुसता तिचा अभ्यास केला, शत्रूची विद्या शत्रूला हरवण्यासाठी म्हणून. शेवटी स्वतःच एक अंगठी घडवून बोटात घालून बसला.

फारामिर हा बोरोमिरचा धाकटा भाऊ. इथिलिएनच्या रानात फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम त्याच्या तावडीत सापडतात. भावाच्या मृत्यूशी कसली तरी वस्तू निगडित आहे एवढंच त्याला ठाऊक असतं. ती नेमकी काय, हे कळायच्या आधीच तो बोलून जातो की रस्त्यात पडलेली दिसली तरी मी ती उचलणार नाही. मग सॅमच्या तोंडून गुपित फुटतं. आता अंगठी समोर, आजूबाजूला आपले सशस्त्र सैनिक, आणि वडिलांची मर्जी मिळवायची जन्मभराची आस. तरी तो दिलेला शब्द पाळतो. चित्रपटात हे बदललं. तिथे फारामिर आधी मोहात पडतो, दोघांना बांधून नेतो आणि बऱ्याच उशिरा शुद्धीवर येतो. चित्रपटकारांचं म्हणणं असं की कुणी इतक्या सहज नको म्हटलं तर अंगठीची भीतीच उरणार नाही. नाट्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. माणसाच्या दृष्टीने मला पटत नाही. मूळ फारामिर तिच्याशी झुंजत नाही, कारण झुंज सुरू झाली की तीच जिंकते हे त्याला माहीत आहे. त्याने शब्द आधी दिला, किंमत कळण्याच्या आत. नकाराची वेळ ती असते.

वाटेत रानात भेटणारा एक टॉम बॉम्बाडिल तेवढा वेगळा. तो अंगठी करंगळीत घालतो आणि नाहीसा होत नाही. हवेत उडवतो तर तीच नाहीशी होते, मग हसत परत देतो. त्याला काही नकोच असतं. मग त्यालाच सांभाळायला देऊ या, असं सभेत कुणी सुचवतं, तर गॅन्डाल्फ म्हणतो की तो विसरून जाईल नाहीतर फेकून देईल. निरिच्छ माणूस तिला हरवू शकतो, पण सांभाळू शकत नाही. त्यामुळे तिला वाहून न्यायला कुणीतरी इच्छा असलेलाच लागणार, आणि पेच तिथेच आहे.

माझा आवडता प्रसंग सॅमचा. सॅम म्हणजे फ्रोडोचा माळी, नाकासमोर चालणारा. शेलॉब या राक्षसी कोळिणीने फ्रोडोला डंख मारला, तो मेला असं समजून सॅम अंगठी गळ्यात घालतो आणि मॉर्डोरच्या सरहद्दीवर उभा राहतो. अंगठी कामाला लागते. आधी नेहमीचा खाक्या: हातात धगधगती तलवार, मागे सैन्य, शत्रूचा किल्ला जमीनदोस्त. सॅम फारसा हलत नाही. मग तिला त्याचा धंदा आठवतो. ती त्याला मॉर्डोरचं ओसाड पठार दाखवते, आणि त्याच्या एका हुकुमाने तिथे फुलं आणि फळझाडं उगवलेली. केवढी हुशार! साम्राज्य देऊन जो भुलत नाही, त्याला साम्राज्याएवढी बाग. त्याला दोन गोष्टी वाचवतात. एक, मालकावरचं प्रेम. दुसरी, हॉबिटाची साधी अक्कल: आपल्याला आपल्या दोन हातांनी होईल एवढीच बाग पुरे, दुसऱ्यांच्या हातांवर हुकूम चालवून केलेली नको. थोड्या वेळाने फ्रोडो जिवंत सापडतो, तेव्हा तो अंगठी परत करतो. जरा रेंगाळतो, पण करतो.

टॉल्किन पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांत होते, आणि कादंबरीचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिला गेला. अंगठी म्हणजे अणुबाँब, असं लोक म्हणू लागले तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ते झटकून टाकलं. खऱ्या युद्धासारखी गोष्ट असती तर अंगठी नष्ट झाली नसती, तिचा वापर झाला असता, असं त्यांचं म्हणणं. 1944 साली वायुदलातल्या आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, त्यांनी तेच लिहिलं होतं, आणि तेही आपल्या बाजूबद्दल: आपण अंगठी वापरूनच सॉरॉनला हरवू पाहतोय, बहुधा हरवूही, आणि त्यातून नवे सॉरॉन तयार होतील. जिंकत असलेल्या देशात बसून असं लिहिणं सोपं नव्हतं. कादंबरीतली सॉरॉनची आंधळी जागा हीच आहे. अंगठी हाती आल्यावर कुणी ती मोडायला निघेल, हे त्याच्या डोक्यात येतच नाही. तो सीमेवर सैन्य जमवत बसतो.

आणि फ्रोडो? इथे टॉल्किननी वाचकाला सूट दिलेली नाही. सुरुवातीला घरातल्या शेकोटीत टाकायला म्हणून हात उचलला आणि अंगठी खिशात गेली, तेव्हाच निकाल लागलेला होता. मॉर्डोरमध्ये ती ओढाळ गुराच्या गळ्यातल्या लोढण्यासारखी होते. तो वाकतो, रांगतो. अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, वाऱ्याचा आवाज, काही आठवत नाही. तरीही तो कड्यापर्यंत पोचतो, आणि तिथे उभा राहून सांगतो की मी हे करणार नाही, ही माझी आहे. एवढं चालून नायक ऐनवेळी हरतो. वाचकांनी तक्रारी केल्या. त्याच 1963 च्या पत्रात टॉल्किनचं उत्तर आहे की त्या जागी, त्या अवस्थेत, कुणालाही ते शक्य नव्हतं. फ्रोडोला पोचवायचं होतं तेवढं त्याने पोचवलं.

मग गॉलम येतो. बिल्बोने सोडलेला, फ्रोडोने सांभाळलेला, आणि काही मिनिटांपूर्वी सॅमनेही तलवार उगारून सोडून दिलेला. सॅमने अंगठी थोडा वेळ गळ्यात वागवली होती, त्यामुळे त्याला गॉलमचे हाल अंधुक का होईना कळले होते. गॉलमने अंगठीचीच शपथ घेतली होती की धन्याशी इमान राखीन. डोंगराच्या उतारावर फ्रोडोने छातीशी तिला धरून त्याला बजावलं होतं की पुन्हा मला हात लावलास तर तू त्या आगीत जाशील. तो आवाज फ्रोडोचा होता की तिचा, हे वाचताना ठरवता येत नाही. गॉलम झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडतो, आनंदाने नाचतो आणि कड्यावरून त्याचा पाय चुकतो. हुकूम पाळायला लावणं हेच तिचं काम होतं, आणि तिच्या साक्षीने दिलेला हुकूम पाळला गेला. सॉरॉनच्या हाताला एक बोट कमी होतं. आता फ्रोडोच्याही.

गेल्यावरही ती पुरती गेली नाही. फ्रोडो शायरला परतला, पण दर वर्षी जखमांच्या तारखांना आजारी पडायचा. एकदा मार्चमध्ये तो अर्धवट ग्लानीत गळ्यातला पांढरा खडा मुठीत धरून पडलेला सापडला, ती कायमची गेली म्हणत. पुढे तो समुद्रापार निघून गेला.

सॅम मात्र रमला. निरोप देताना गॅलाड्रिएलने त्याला आपल्या बागेतल्या मातीची एक डबी दिली होती. सारुमानच्या माणसांनी शायरभर झाडं तोडून ठेवलेली. सॅमने ती माती स्वतःच्या परसात ओतली नाही. जिथे जिथे झाड गेलं तिथे रोप लावलं आणि मुळाशी एकेक कण घातला. उरलेली चिमूट शायरच्या मधोमध उभ्या असलेल्या दगडाजवळ जाऊन हवेत सोडली. हॉबिटन या आपल्या गावाकडे त्याने जरा जास्त लक्ष दिलं, पण त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. मग लोकांनी त्याला शायरचा मेयर केलं. तिथल्या मेयरला काम असं फारसं नसतं. मेजवान्यांत अध्यक्षस्थानी बसायचं, आणि टपाल व राखणदारी ही दोन खाती सांभाळायची. मुदत सात वर्षांची. सॅम सात वेळा निवडून आला, आणि शेवटची मुदत संपली तेव्हा 96 वर्षांचा होता.